डॉलर चालतो; पण कोणाच्या भावाने?

परदेशी सहलीला निघणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. तो शेजारी देतात, मागच्या वर्षी जाऊन आलेले साडू देतात, निघण्यापूर्वीच्या बैठकीत टूर मॅनेजरही देतो. ‘डॉलर घेऊन जा. डॉलर सगळीकडे चालतो. तिकडच्या नोटांच्या भानगडीत पडू नका.’ हल्ली या सल्ल्याला दोन पुरवण्या जोडल्या गेल्या आहेत. दुबईत तर आता आपला रुपयाही घेतात, ही एक. आणि कार्ड वापरावेच लागले तर मशीनवर रुपयाचा पर्याय निवडा, म्हणजे नेमके किती गेले ते तिथेच कळते, ही दुसरी. तिन्हींचा गाभा एकच आहे: परक्या देशात त्या देशाचे चलन शक्यतो हाताळू नये.

हे मत चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते अडाणीपणाचे मात्र नाही. त्यामागे अनुभव आहे, काही ठिकाणी बिनचूक हिशेबही आहे. म्हणूनच ते इतके टिकले आहे आणि म्हणूनच ते नीट तपासायला हवे. आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. पहिले, डॉलर ही जगाने मान्य केलेली नोट आहे; हॅनोईच्या टॅक्सीवाल्यालाही ती ओळखू येते. दुसरे, रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे पुन्हा व्हिएतनामचे डोंग किंवा थायलंडचे बाट केले की दोनदा कात्री लागते, मग दुसऱ्यांदा बदलायचेच कशाला? तिसरे, अनोळखी नोटांवरची शून्ये मोजता मोजता माणूस फसतो. चौथे, सहल संपल्यावर उरलेले डोंग रद्दीच्या भावाचे होतात. उरलेला डॉलर मात्र कपाटात ठेवला तरी वाढतो, कारण रुपया घसरत असतो. पाचवे, काही देशांत दुकानदार स्वतःच डॉलर मागतो. त्याला हवे ते द्यायला आपली हरकत का असावी?

पाचही मुद्दे ऐकायला सयुक्तिक आहेत. त्यांतला दुसरा तर अर्धा खरा आहे. पण या साऱ्या युक्तिवादात सुरुवातीलाच एक गफलत होते. तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात. घरून काय न्यायचे, हा एक प्रश्न. ते कुठे बदलायचे, हा दुसरा. आणि दुकानात, हॉटेलात, रिक्षात पैसे कशात द्यायचे, हा तिसरा. ‘डॉलर घेऊन जा’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि पुष्कळ देशांसाठी ते बरोबरही आहे. पण सल्ला देणारा तेच उत्तर नकळत तिसऱ्या प्रश्नालाही चिकटवतो. माझा वाद आहे तो या तिसऱ्या ठिकाणी.

बाजूच बदलून पाहू. एखादा अमेरिकन पाहुणा दादरच्या फूलबाजारात उभा राहून ऐंशी रुपयांच्या हारासाठी पाच डॉलरची नोट पुढे करतो आहे. फूलवाला काय करील? आधी शेजाऱ्याला विचारील. मग मनाशी म्हणेल, ही नोट बदलायला मलाच कुठेतरी जावे लागणार, तिथे कमी मिळणार, कदाचित घेणारही नाहीत. या साऱ्या कटकटीची किंमत तो कोणाच्या माथी मारील? पाहुण्याच्याच ना? त्यात त्याची लबाडी नाही. जोखीम त्याची असल्यामुळे भाव त्याने ठरवला, इतकेच. हॅनोईचा टॅक्सीवाला वेगळे काय करतो?

सारा वाद इथेच येऊन मिटतो. परके चलन पुढे केले की एका व्यवहाराचे दोन व्यवहार होतात. एक खरेदीचा, दुसरा चलन बदलण्याचा. पहिल्यात तुम्ही घासाघीस करता. दुसऱ्यात करत नाही. कारण तो घडला हेच तुमच्या ध्यानात येत नाही. मनी चेंजरच्या खिडकीवर दराचा फलक असतो, शेजारी दुसरी खिडकी असते, दोघांत चढाओढ असते. शहाळेवाल्याकडे फलक नसतो. त्या क्षणी तुमच्यापुरता जगातला एकमेव चलनबाजार तोच असतो. मक्तेदाराकडून स्वस्त भाव कोणाला मिळाला आहे?

आकडे घेऊन पाहू. समजा, त्या दिवशी एका डॉलरचे २६,००० डोंग मिळत आहेत आणि तुमच्या जेवणाचे बिल १,९०,००० डोंग आहे. चोख हिशेबाने हे सात डॉलर तीस सेंट होतात. मालकीण हसून म्हणते, ‘एट डॉलर.’ सेंटांचा हिशेब कोण करत बसणार? तुम्हीही हसून आठ देता. साडेनऊ टक्के गेले. बँकेने कार्डावर साडेतीन टक्के लावले म्हणून ग्राहक मंचात जाण्याची भाषा करणारा माणूस इथे साडेनऊ टक्के देऊन वर आभार मानतो! दुबईत तर हे नुकसान काट्यावर तोलता येते. दिऱ्हमचा भाव १९९७पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. तो कालही तोच होता, उद्याही बहुधा तोच असेल. दुकानदाराने ‘सोयीसाठी’ साडेतीनचा दर धरला, तर पावणेपाच टक्के तुम्ही सोयीची किंमत म्हणून मोजली. सोय कोणाची झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

आता दोनदा कात्री लागण्याचा मुद्दा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत भक्कम मोहरा आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो.

कात्री किती वेळा लागली हे मोजून भागत नाही. एकूण किती कापले गेले ते मोजावे लागते. मुंबई-पुण्यात डॉलरला सतत गिऱ्हाईक असते, त्यामुळे त्यावरची दलाली बेताची असते. बाट, डोंग, इंडोनेशियाचा रुपिया यांची उलाढाल आपल्याकडे थोडी. विकणाऱ्याला त्या नोटा आणून साठवाव्या लागतात आणि त्याचा खर्च तो भावात घालतो. उलट बँकॉकमध्ये डॉलर घेऊन बाट देणाऱ्यांची रांगच असते, आणि शहरातल्या नावाजलेल्या पेढ्यांवर घाऊक भाव व हाती पडणारा भाव यांतले अंतर फार कमी असते. विमानतळावरच्या खिडकीची गोष्ट निराळी. तिथे चढाओढ नसते आणि भावही तसाच असतो.

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. घाऊक बाजारात डॉलर ८८ रुपये, बाट २ रुपये ७० पैसे. तुमच्याकडे एक लाख रुपये आहेत. पहिला मार्ग: पुण्यातच २ रुपये ८५ पैसे भावाने बाट घेतले. हाती सुमारे ३५,०९० आले. दुसरा मार्ग: ८९ रुपये ३० पैसे भावाने डॉलर घेतले, सुमारे ११२० मिळाले, ते बँकॉकच्या पेढीवर ३२.३५ भावाने बदलले. हाती सुमारे ३६,२३० बाट. म्हणजे दोनदा बदलूनही अकराशेहून अधिक बाट जास्तच आले. इथवर पूर्वपक्षाचा विजय आहे आणि मी तो मोकळ्या मनाने मान्य करतो: थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाला जाताना घरून डॉलर न्यावेत. पण तिसरा मार्ग पाहा. तेच ११२० डॉलर न बदलता थेट दुकानांत दिले आणि दुकानदारांनी गोळाबेरीज तीसचा भाव धरला. खरेदी झाली ३३,६०० बाटची. तिन्ही मार्गांत सगळ्यांत तोट्याचा हाच! दुसरी कात्री वाचवली असे ज्याला वाटते, त्याने ती वाचवलेली नाही. ती आता सराफाऐवजी शहाळेवाल्याच्या हातात आहे, आणि तिथे तिची धार जास्त आहे.

युरो, पौंड, दिऱ्हम, सिंगापूरचा डॉलर ही चलने आपल्याकडे बऱ्या भावात मिळतात. तिथे मधल्या डॉलरची मुळातच गरज नाही. तरीही युरोपला निघालेली माणसे डॉलरची पुडकी बांधताना दिसतात, हे त्या सल्ल्याच्या लोकप्रियतेचे फळ आहे.

याच संदर्भात नोटांचे एक गुपित सांगायला हवे. ‘खर्चाला बरे’ म्हणून लोक एक, पाच, दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा मागून घेतात. बँकॉकच्या पेढ्यांचे फलक वाचले तर दिसते की शंभराच्या नोटेला एक भाव असतो आणि लहान नोटांना त्याहून कमी. सुटे डॉलर मुद्दाम नेणे म्हणजे घसरलेला भाव स्वतःच मागून घेणे होय. शिवाय नोटेची कांती. अमेरिकेच्या लेखी तिच्या जुन्या नोटाही वैधच आहेत. पण २०१३मध्ये निळ्या पट्टीची शंभराची नवी नोट आल्यापासून कित्येक ठिकाणचे मनी चेंजर जुन्या, लहान चेहऱ्याच्या नोटा एक तर परत करतात किंवा कमी भावाने घेतात. घडी पडलेली, शिक्का उमटलेली, कोपरा फाटलेली नोट तर अनेक देशांत कोणी हातात धरत नाही. ‘डॉलर सगळीकडे चालतो’ या वाक्याला एवढ्या अटी जोडलेल्या असतात, हे सांगायला साडू विसरतात.

अनोळखी नोटांची भीती मात्र खरी आहे, तिची थट्टा करणार नाही. व्हिएतनामची वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर. घाईत एकीच्या जागी दुसरी दिली की पंचवीसपटीचा फटका. बालीत कुटाच्या गल्ल्यांत मनी चेंजर नोटा टेबलावर मोजताना काही नोटा मागच्या बाजूला सरकवतात, अशी तक्रार तर वर्षानुवर्षे ऐकू येते. पण यावर डॉलर देणे हा उतारा कसा काय ठरतो? आठ डॉलरच्या बिलाला तुम्ही वीसची नोट दिलीत. बारा डॉलरची मोड कशात मिळणार? डोंगमध्येच! म्हणजे ज्या नोटा ओळखता येत नाहीत त्याच हातात आल्या, त्याही दुकानदाराने ठरवलेल्या भावाने, त्यानेच मोजलेल्या आणि तुम्हाला पडताळता न येणाऱ्या. भीती टाळायला निघालात ते नेमके तिच्याच दारात. पहिल्या रात्री हॉटेलच्या खोलीत दहा मिनिटे नोटा ओळीने मांडून पाहाव्यात, निळ्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात आणि चलन बदलायचे ते बँकेत किंवा परवाना असलेल्या ठिकाणीच. ‘शून्य कमिशन’ असा मोठा फलक आणि सगळ्यांहून चढा भाव एकाच दारावर दिसला तर तिथून पुढे चालू लागावे. कमिशन नाही आणि भावही चढा, तर त्याचे पोट कशावर चालते?

कायद्याचा मुद्दा पूर्वपक्षाच्या ध्यानीमनीही नसतो. इंडोनेशियाच्या २०११च्या चलन कायद्याने देशातले देणे-घेणे रुपियातच करणे बंधनकारक केले आहे. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद आणि वीस कोटी रुपियांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १ जुलै २०१५पासून रोखीविनाच्या व्यवहारांनाही तोच नियम लावला. व्हिएतनामच्या परकीय चलनविषयक कायद्यात काही अपवाद वगळता परकीय चलनात किंमत लावणे, जाहिरात करणे, पैसे घेणे यांना मनाई आहे. आणि ती कागदावरच राहिलेली नाही. २०१८मध्ये कान थो शहरातल्या एका रहिवाशाने शंभर डॉलरची एक नोट परवाना नसलेल्या सराफी दुकानात बदलली. दंड झाला नऊ कोटी डोंग, म्हणजे सुमारे ३,८०० डॉलर. देशभर ओरड झाल्यावर त्याला तो माफ करण्यात आला, ही गोष्ट वेगळी. पर्यटकाला कोणी असे पकडत नाही, हे मला मान्य. पण आपल्या सोयीसाठी समोरच्या गरीब विक्रेत्याला नियम मोडायला लावायचे आणि त्याला ‘डॉलरची किमया’ म्हणायचे, यात कोणते शहाणपण आहे?

आता पाचवा मुद्दा, जिथे दुकानदारच डॉलर मागतो. असे देश आहेत. पनामात १९०४पासून, इक्वेडोरमध्ये २००० सालापासून, एल साल्वादोरमध्ये २००१पासून डॉलर हे अधिकृत चलनच आहे. कंबोडियात १९९२-९३च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांची मोठी मोहीम आली, तिच्या पगारांबरोबर डॉलरचा पूर आला आणि तो ओसरलाच नाही. सिएम रीपमध्ये हॉटेलाचे बिल, अंगकोरचे तिकीट, टुकटुकचे भाडे सारे डॉलरमध्येच लिहिलेले असते. मालदीवच्या रिसॉर्टांचेही तसेच. मग माझा सिद्धान्त कोसळला का? मुळीच नाही. या ठिकाणी भाव मुळातच डॉलरमध्ये छापलेला असतो; दुकानदाराला मनाने दर लावायला जागाच उरत नाही. तिथे डॉलर हेच स्थानिक चलन. सिद्धान्त एवढाच की ज्या चलनात किंमत लिहिली आहे त्याच चलनात ती चुकवावी. गंमत अशी की कंबोडियातही डॉलरखालची मोड रियेलमध्येच मिळते, साधारण चार हजारांना एक डॉलर या हिशेबाने. आणि तिथल्या राष्ट्रीय बँकेने २०२०मध्ये एक, दोन आणि पाच डॉलरच्या नोटा हळूहळू चलनातून काढायला घेतल्या, कारण तिला लोकांच्या हाती रियेल हवा आहे. मालदीवमध्येही रिसॉर्टचे बेट सोडून स्थानिक वस्तीच्या बेटावर चहा प्यायला बसा; भाव रुफियात असतो.

सगळ्यात कडक कसोटी अर्जेंटिनाची. पूर्वपक्षाच्या वकिलाने तिचा दाखला दिला तर मी त्याला दाद देईन. २०१९नंतरच्या काही वर्षांत तिथे दोन भाव चालत होते. एक सरकारी, दुसरा रस्त्यावरचा, ज्याला तिकडे ‘निळा डॉलर’ म्हणत. २०२२च्या जुलैत सरकारी भाव १३० पेसोंच्या आसपास असताना निळा भाव तीनशेच्या पलीकडे गेला होता. त्या दिवसांत परक्या कार्डावर सरकारी भावाने खर्च करणारा पर्यटक प्रत्येक जेवणाचे दुप्पट पैसे मोजत होता, आणि खिशात रोख डॉलर असलेला राजा होता. डॉलरचा याहून मोठा विजय कुठला? पण हा राजा करत काय होता? डॉलर बदलून पेसो घेत होता आणि मग ब्युनोस आयर्सच्या खाणावळीत पेसोच देत होता. वाढप्याच्या हाती तो शंभराची नोट ठेवत नव्हता. म्हणजे नेण्याचा प्रश्न वेगळा आणि देण्याचा वेगळा, हेच अर्जेंटिनाने सिद्ध केले. पुढे २०२२च्या अखेरीस परक्या कार्डांना जवळजवळ बाजारभाव मिळू लागला, एप्रिल २०२५मध्ये सामान्य नागरिकांवरची बरीच बंधने उठली आणि दोन भावांतली दरी बुजत गेली. जुन्या सल्ल्याची मुदत अशी एखाद्या सरकारी निर्णयाने एका रात्रीत संपते.

रुपयाचा मुद्दा भावनेचा आहे, म्हणून त्याला हात लावताना लोक कचरतात. दुबई विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमध्ये जुलै २०१९पासून रुपये घेतात. अभिमान वाटण्यासारखे आहे. मोड मात्र दिऱ्हममध्ये मिळते, आणि दर तिथल्या गल्ल्यावर ठरतो. ज्यांना इतिहासाची हौस आहे त्यांना आठवत असेल की १९५९मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी खास नोटा काढल्या होत्या आणि १९६६च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होईपर्यंत दुबईच्या बाजारात बिनतक्रार व्यवहार चाले तो रुपयातच. तेव्हा रुपया तिथले चलन होता; किमतीच त्यात लिहिलेल्या असत. आज त्या दिऱ्हममध्ये लिहिलेल्या आहेत. अभिमान जरूर बाळगा, पण बिलाच्या पावतीवर भाव काय लावला तेही वाचा. नेपाळ आणि भूतान तेवढे निराळे. नेपाळी रुपयाचा दर १९९३पासून एका भारतीय रुपयाला १.६ असा बांधलेला आहे, भूतानचा ङुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीने चालतो, आणि दुकानदाराला हे तोंडपाठ असते. जिथे भाव सगळ्यांना ठाऊक आणि न हलणारा, तिथे मक्तेदारीच संपते. नेपाळला जाताना मोठ्या नोटांविषयीचे त्या वेळचे नियम मात्र पाहून जावे. ते बदलत आले आहेत.

एकेकाळी हे सारे आपल्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. पेशवाईत एकट्या पुणे-नाशिक पट्ट्यात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हांचे रुपये फिरत होते. परगावच्या नाण्यावर बट्टा बसणार हे व्यवहारातल्या माणसाला ठाऊक असे आणि त्याचा भाव सराफकट्ट्यावर ठरे. १८३५मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया केला आणि पुढच्या पिढ्या बट्टा विसरल्या. विसरले म्हणून तो थांबला थोडाच?

त्या बट्ट्याचे आजचे सर्वांत सभ्य रूप कार्डाच्या मशीनवर असते. प्रागच्या दुकानात कार्ड लावले की पडदा नम्रपणे विचारतो: चेक कोरुनामध्ये द्यायचे की रुपयांत? रुपयाचा आकडा पैशांपर्यंत लिहिलेला. केवढी काळजी! पूर्वपक्ष म्हणतो, रुपये निवडा, घरी गेल्यावर धक्का बसणार नाही. बसत नाही हे खरे, कारण धक्का तिथेच देऊन झालेला असतो. तुम्ही रुपये निवडलेत की चलन बदलण्याचे काम व्हिसा-मास्टरकार्डच्या यंत्रणेकडून निघून दुकानदाराच्या बँकेकडे आणि तिच्या सेवा-कंपनीकडे जाते. ती आपल्या मर्जीने भाव लावते आणि त्या कमाईतला वाटा दुकानदारालाही मिळतो. वाटा मिळतो म्हणूनच विक्रेता कधीकधी न विचारता स्वतःच रुपयाचे बटण दाबतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार ही निवड ग्राहकाची आहे. तुम्ही ठामपणे नकार देऊन स्थानिक चलनात बिल मागू शकता.

कोणी म्हणेल, पण माझी बँकही तर दोन-साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लावतेच. लावते. पण रुपये निवडल्याने तो आकार नक्की टळतो का? नाही. व्यवहार परदेशातल्या दुकानात झाला आहे एवढ्यावरून काही भारतीय बँका रुपयांतल्या बिलावरही आपला आकार लावतात. मग दोन्हीकडून कात्री, जिची भीती घालून पूर्वपक्षाने डोंगपासून आपल्याला दूर ठेवले होते! या धंद्यातला भाव इतका अंधारात असे की युरोपीय संघाला २०१९मध्ये नियम करावा लागला. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ-दरापेक्षा आम्ही किती टक्के जास्त लावतो आहोत, हे ग्राहकाला आधी दाखवा, असे तो नियम सांगतो. सोय निखळ असती तर टक्केवारी दाखवण्याची सक्ती का करावी लागली असती?

एटीएमवर हाच प्रश्न अधिक धूर्त भाषेत येतो. ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ अशी दोन बटणे. नाकारले तर पैसेच मिळणार नाहीत, अशी समजूत होते आणि माणूस घाबरून स्वीकारतो. नाकारावे. पैसे मिळतात. नाकारला जातो तो मशीनच्या बँकेचा भाव. व्यवहार तुमच्या कार्डाच्या भावाने पुढे सरकतो. थायलंडमध्ये परक्या कार्डाला एटीएमवर दर खेपेला २२० बाटच्या घरातला आकार पडतो, तो मात्र वेगळा आणि कुठलेही बटण दाबले तरी चुकत नाही. म्हणून तिथे दोन-दोन हजार बाट रोज काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत.

राहता राहिला उरलेल्या डॉलरचा वाढता भाव. २०१०मध्ये डॉलर सरासरी पंचेचाळीस-शेहेचाळीस रुपयांना होता, २०२५मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. दुपटीच्या जवळ! पण पंधरा वर्षांवर चक्रवाढीने विभागली तर ही वाढ वर्षाला साधारण सव्वाचार टक्के पडते. साध्या मुदत ठेवीनेही या काळात त्याहून जास्त व्याज दिले. कपाटातला डॉलर वाढला हे खरे. बँकेतला रुपया त्याच्यापेक्षा जास्त वाढला हे अधिक खरे. त्यातून तो डॉलर विकायला गेलात तर विकण्याचा भाव वेगळा, खालचा. शिवाय परतल्यावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त रोख घरात ठेवता येत नाही. वरचे १८० दिवसांत परत करायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि डोंग उरतातच का? एकाच दमात सगळे डॉलर बदलले म्हणून. दोन-तीन खेपांत बदलावेत आणि शेवटच्या सकाळी हॉटेलाच्या बिलात उरलेले डोंग आधी मोजून द्यावेत, बाकीचे कार्डावर. रद्दी होण्याइतके काही शिल्लक राहत नाही.

टिपेबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात, कारण तिथे नुकसान आपले होत नाही. खोली आवरणाऱ्या बाईसाठी उशीवर एक डॉलरची नोट ठेवण्याची पद्धत आपल्या सहलींत रुळली आहे. ठेवणाऱ्याच्या मनात औदार्यच असते. पण ती नोट ती बाई कुठे चालवणार? किराणा दुकानात ती घेत नाहीत. बदलायला जावे तर लहान नोटेला भाव कमी. मळकी असेल तर तीही परत. म्हणजे दुकानदाराने आपल्याला लावला नसता इतका बट्टा आपण तिला लावून येतो. नाणी दिली तर विचारूच नका, नाणी सहसा कोणताच मनी चेंजर घेत नाही. तीस हजार डोंग ठेवावेत. त्यांचे ती संध्याकाळी तांदूळ आणील.

आणीबाणीसाठी शंभराच्या दोन-तीन कोऱ्या, निळ्या पट्टीच्या नोटा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात असाव्यात, याला माझी काहीच हरकत नाही. कार्ड हरवले, एटीएमने गिळले, तर त्या उपयोगी पडतील. तेव्हाही त्या न्यायच्या बँकेच्या खिडकीवरच.